पंचेचाळिशीचा वानप्रस्थ

हिंजवडीच्या कोंडीत अडकलेला आमचा मित्र मोबाइलवर एक्सेल उघडतो. वर्षखर्चाच्या पंचवीसपट साठले की राजीनामा! 1994 साली अर्थसल्लागार विल्यम बेंगन यांनी मांडलेलं, निवृत्तीच्या पहिल्या वर्षी साठ्यातले 4 टक्के काढायचं सूत्र त्याला तोंडपाठ. (ते अमेरिकी आकड्यांवरचं, तेही 30 वर्षांपुरतं, पण सांगणार कोण?) 5 तारखेला एसआयपी जाते, 6 तारखेपासून कामावरचं मन. साहेब ओरडले की हा मनात मोजतो, अजून 1,814 दिवस. परवा अप्रेझलमध्ये विचारलं, ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ ‘गुहागरला, आंब्याखाली’ हे ओठांवर आलेलं गिळून तो म्हणाला, ‘मॅनेजर.’ पगार वाढला. लगेच थ्री बीएचके बुक केला. एक्सेल आता निवृत्ती 61व्या वर्षी दाखवतं. कंपनी 58लाच नारळ देते.