उधारी दूरचित्रवाणीवर कशी बुडवावी

आधी देणं हवं. तेही बेताचं, ‘जज ज्युडी’ या अमेरिकन टीव्ही-न्यायालयात निवाड्याची कमाल मर्यादा ५,००० डॉलर होती, तेव्हा उगाच हात मोकळा सोडून कर्ज काढू नये. देणं शक्यतो जिव्हाळ्याच्या माणसाचं असावं. बँकेचे हप्ते थकवले तर कुत्रं विचारत नाही. मोडलेल्या प्रेमातल्या मोटारीचे हप्ते, खोलीतल्या जोडीदाराने दाबलेलं डिपॉझिट, मेव्हण्याच्या जामिनासाठी काढलेले पैसे, हे बघायला मात्र अमेरिका हातातलं काम टाकून बसते.

यानंतर तुम्ही काहीच करायचं नाही. छोट्या दाव्यांच्या न्यायालयात धाव वादी घेईल. कार्यक्रमवाले अशा न्यायालयांची दप्तरं चाळतच असतात. त्यांचं पत्र आलं की लगेच होकार कळवावा. खरा दावा मागे घेतला जातो, दोघं करारावर सह्या करतात, आणि पुढे जे चालतं ते कायद्याच्या भाषेत लवाद. मागे गंभीर चेहऱ्याने बसलेली जनता रोजंदारीवर आणलेली असते. न्यायाधीश मात्र अस्सल, फक्त निवृत्त: १९८१ साली ‘द पीपल्स कोर्ट’ सुरू करणारे जोसेफ वॅप्नर कॅलिफोर्नियातले, ‘जज ज्युडी’ म्हणजे ज्युडिथ शाइंडलिन न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयातल्या.

आता मर्माची गोष्ट. निवाडा तुमच्याविरुद्ध गेला, तर ती रक्कम तुम्ही भरत नाही, निर्माता भरतो. वर दोन्ही पक्षांना विमानाचं तिकीट, हॉटेल आणि हजेरीचं मानधन. म्हणजे वादी फार तर आपलेच पैसे परत मिळवतो; खरी कमाई हरणाऱ्याची.

मात्र हरणं नीट जमायला हवं. ‘उसने होते की भेट?’ या प्रश्नाला ठामपणे ‘भेट’ म्हणावं आणि ‘पगार झाला की देतो’ हा स्वतःचाच मेसेज वादीच्या फोनमध्ये सुखरूप ठेवावा. बाई तो मोठ्याने वाचतील. त्या वेळी ‘अं…’ करावं. त्यांना ते मुळीच खपत नाही. प्रतिदावा जरूर ठोकावा, मनस्तापाचा. तो फेटाळला जातो, पण त्यावर चार मिनिटं जातात. कागद बेलिफच्या हाती द्यावेत, स्वतः पुढे सरसावू नये. आणि बोलणी खाताना मनात राग आणू नये: वर्षाकाठी जेमतेम ५२ दिवस चित्रीकरण करून एकेकाळी ४ कोटी ७० लाख डॉलर घेतलेली व्यक्ती तुम्हाला फुकट झापते आहे.

कल्पक मंडळींना देणंही लागत नाही. न्यूयॉर्कच्या काही संगीतकार मित्रांनी अंगावर टीव्ही पडून मांजर मेल्याचा दावा रचला, २०१० साली पडद्यावर तो जिंकला आणि हॉलिवूडची सहल पदरात पाडून घेतली. बिंग फुटलं ते २०१३ मध्ये. मला यात फसवणुकीपेक्षा नाट्यलेखनच जास्त दिसतं.

‘जज ज्युडी’ २०२१ मध्ये थांबला, पण त्याच बाईंचा ‘ज्युडी जस्टिस’ त्याच वर्षी सुरू झाला. तेव्हा उमेदवारांनी हताश होऊ नये. आपल्याकडेही किरण बेदींनी ‘आप की कचहरी’ हा असाच कार्यक्रम चालवला होता. न्यू जर्सीतल्या मराठी इच्छुकांनी एवढंच पाहावं, की घरात कोणाचं लग्न जमवायचं बाकी नाही ना. जुने भाग पुन्हापुन्हा दाखवतात.

निकालानंतर बाहेर मुलाखत असते. तिथे हसू दाबून ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणावं. विमानतळाकडे निघताना वादीबरोबर एकाच गाडीत बसू नये, निदान स्टुडिओचं फाटक ओलांडेपर्यंत.