नोंद जुळते का?

आमच्या अण्णांसारखा मनुष्य ज्याच्या सोयऱ्याधायऱ्यांत नाही असा भाग्यवान गृहस्थ मला महाराष्ट्रात अद्याप आढळलेला नाही. म्हणून त्यांची ओळख करून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. नात्याने ते माझे मामेसासरे, आणि मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले, एवढे सांगितले म्हणजे त्यांची छत्री आणि सदऱ्याच्या खिशातील तांबडी-निळी पेन्सिल वाचकांस आपोआप दिसू लागेल. कचेरीने त्यांना निरोप दिला, पण त्यांनी कचेरीला दिला नाही. जगातील यच्चयावत वस्तूंची कोठे ना कोठे नोंद असते, नसल्यास असावयास हवी, आणि ती नोंद प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहणे हेच मनुष्यजन्माचे इतिकर्तव्य होय, अशी त्यांची श्रद्धा आहे.

खानावळीत शिरताना ते भिंतीवरील फळा वाचून घेतात, ताट पुढे आले की मंडळींना हात आवरावयास सांगतात आणि डावीकडून उजवीकडे दृष्टी फिरवून गंभीर स्वरात शेरा मारतात, "कोशिंबीर नोंदीस आहे, पानात नाही." वाढप्या कोशिंबीर आणून वाढीपर्यंत भात निवत राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब जुन्या महाबळेश्वरास गेलो असता, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी जेथे एका गोमुखातून पडते त्या पंचगंगेच्या मंदिरात, इतर भाविक तीर्थ घेण्यासाठी ओंजळी पुढे करीत होते. अण्णा मात्र गोमुखाकडे टक लावून उभे होते. शेवटी पुजाऱ्यास ते म्हणाले, "नोंद पाच, आवक एक. बाकीच्या चारांचा खुलासा?" पुजाऱ्याने केलेला खुलासा श्रद्धेचा होता, अण्णांना तो कागदोपत्री हवा होता.

त्याच प्रवासात परतताना औंधास यमाईच्या दर्शनास जावे असे ठरले. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधास गेले म्हणजे यमाईच्या डोंगरावर, वाटेतच, श्रीभवानी चित्रसंग्रहालयाची वास्तू लागते. बाहत्तर गावांच्या लहानशा संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, आणि 1939 साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारे राजे. त्यांनी 1938 साली हे संग्रहालय उभारले. रविवर्म्याची मूळ तैलचित्रे, पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रे, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती, हस्तिदंतावरील कोरीव काम, असा ऐवज एका खेडेगावच्या टेकडीवर पाहून परक्या मनुष्याची मती गुंग होते. आमच्या मंडळींची मात्र झाली नाही, कारण मुलांना भूक लागली होती, सौभाग्यवतींना उजेडी घर गाठावयाचे होते, आणि आमचे धाकटे मेहुणे, ज्यांना कलेतील कळते अशी त्यांची स्वतःची समजूत आहे, ते प्रत्येक चित्रापुढे "रेषेत लय आहे" एवढे पुटपुटून, भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्याची परवानगी आहे काय याची चौकशी करीत पुढे सरकत होते.

अण्णा दारापाशीच अडकले. तिकिटे मोजून माणसे मोजली. माणसे एकाने कमी भरली, तेव्हा बाहेर चिंचा विकणारणीपाशी उभ्या असलेल्या धाकट्या नातवास वसूल करून आणले. मग अभिप्रायाच्या वहीतील मागील पाने चाळून तारखा क्रमवार आहेत याची खातरजमा केली, आणि तेव्हाच दालनात पाऊल टाकले.

त्यांची पाहण्याची पद्धत अशी, की प्रथम चित्राखालील पाटी वाचावयाची, नंतर चष्मा कपाळावर चढवून चित्राजवळ नाक न्यावयाचे आणि पाटीतील मजकूर आत हजर आहे की नाही ते पाहावयाचे. लघुचित्रातील गायी त्यांनी मोजल्या, झाडामागील एक अर्धी गाय निघाली, ती त्यांनी 'अंशतः' म्हणून धरली. रविवर्म्याच्या एका पौराणिक स्त्रीपाशी तर खोळंबाच झाला. "डाव्या हातात चार बांगड्या, उजव्यात तीन. एक कोठे गेली?"

"पदराखाली असेल, अण्णा," सौभाग्यवती कंटाळून म्हणाल्या.

"'असेल' हा शेरा दप्तरात चालत नाही, बाई." आणि ते वाकून पुन्हा पाहू लागले. नवलाची गोष्ट अशी, की पदराच्या काठाखाली चौथ्या बांगडीची सोनेरी कड, तांदळाच्या कणीएवढी, खरोखरच रंगविलेली निघाली. "जुळते," असे म्हणून अण्णा पुढे झाले. मेहुणे तोवर तीन भिंती उरकून बाहेर पडले होते.

अखेरीस ते हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'माता व बालक' या शिल्पापुढे आले. मूरची ख्याती जगभर, आणि त्याची ही कृती औंधासारख्या गावी; परंतु मूरने नाकडोळ्यांचा तपशील गाळून केवळ आकार ठेवलेले असल्यामुळे अण्णांचा ताळेबंद येथे निश्चितच कोसळणार, असे मनात म्हणून, मला कबूल केले पाहिजे, मी काहीशा आनंदाने त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. अण्णांनी पाटी वाचली, चष्मा वर केला, डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, पुन्हा समोर आले. बराच वेळ गेला. बाहेरून गाडीवानाने भोंगा वाजविला. अण्णा म्हणाले, "चेहरा लिहिलेला नाही," आणि थोडे थांबून, "पण नोंद बरोबर आहे."

परतीच्या वाटेवर अण्णा पुढच्या आसनावर डोळे मिटून बसले असता मामींनी सांगितलेली हकीगत अशी. अण्णा दोन वर्षांचे असताना त्यांची आई प्लेगात की अशाच एका साथीत गेली. घरात तिचा फोटो नव्हता, आणि तिचे रूप सांगू शकणारी माणसेही एकामागून एक गेली. नोकरीस लागल्यावर पहिल्याच वर्षी अण्णांनी आपल्या गावाची जुनी जन्ममृत्यूची वही दप्तरातून काढविली, आणि मोडीतील एका ओळीत त्यांना तिचे नाव, वय आणि मृत्यूची तारीख सापडली. ती वही मिटण्यापूर्वी त्यांनी कारकुनाकडून शाई मागून घेऊन त्या ओळीची नक्कल करून घेतली. ती अजून देवघरातील पोथ्यांत आहे. मामी हे सांगत असताना पुढून अण्णांचा आवाज आला, "टोलची पावती कोणाकडे आहे?" म्हणजे ते जागे होते.

अण्णांची थट्टा मी यापुढेही करणार, कारण त्यांच्यासोबत जेवावयास बसणे ही शिक्षाच आहे. परंतु औंधच्या त्या दालनात एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी, की ज्यांना आपण रसिक म्हणतो ते कलाकृती पाहून आल्याचे सांगतात, आणि ज्यांना अरसिक म्हणून हसतो ते ती पाहतात. राजा चित्रे जमवितो, त्याचा लौकिक होतो. पण राजाही जातो आणि संस्थानही विलीन होते, आणि त्यानंतर वस्तू जागेवर राहते ती कोणा अनाम कारकुनाने रजिस्टरात तिचा क्रमांक घालून ठेवला आणि दर वर्षी तो वस्तूशी ताडून पाहिला म्हणून. रसिकांच्या उसाशांवर एकही संग्रहालय टिकलेले नाही.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत सहकुटुंब औंधास किंवा तशाच एखाद्या लहान संग्रहालयास जाल, तर आपल्या घरचे अण्णा अवश्य बरोबर न्या. मुलांचे जेवण आधी उरकून घ्या, गाडीवानास भोंगा वाजवू नकोस म्हणून बजावून ठेवा, आणि पाटीपुढे ते थांबले तर मागून ढकलू नका. चित्राला लागतो तेवढा वेळ देण्यास तयार असलेला मनुष्य अख्ख्या कुटुंबात बहुधा तोच एक असतो.