हुकूमकाका

आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना हुकूमकाका म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पेन्शन वेळेवर येते, मुलगा बंगळुरात मार्गी लागला आहे. उणीव एकच : टेबलावरची घंटी आणि ती वाजताच आत येणारा शिपाई. २०११ साली आयफोनमध्ये सिरी आली तेव्हा काका नोकरीत होते आणि त्यांना तिचं काडीचं कौतुक नव्हतं. हुकूम झेलणारा माणूस दाराबाहेर स्टुलावर बसलेला असताना तो यंत्राला कशाला सोडायचा? २०१८ साली गुगलचा असिस्टंट मराठी बोलू लागला, तोवर काका घरी बसले होते आणि पाणी स्वतः उठून घ्यायला शिकत होते. मुलानं दिवाळीला नवा फोन दिला आणि रिकामं स्टूल भरलं.

काकांच्या फोनमधल्या बाई कुठल्या कंपनीच्या, ते जाऊ द्या. उगाच कुणाची नोकरी जायला नको.

सकाळी पेपरची घडी घालून, घसा खाकरून, फोनकडे न बघता काका फर्मावतात, ‘जोशींना फोन लाव.’ बाई अदबीनं विचारतात, कोणते जोशी? काकांच्या फोनमध्ये जोशी प्लंबर, जोशी विमा, जोशी तिसरा मजला आणि नुसतेच जोशी असे चौघे आहेत. ‘अगं, नेहमीचे!’ काका कडाडतात. जुन्या शिपायाला नेहमीचे कोण हे साहेबांच्या भुवईवरून कळायचं. बाईंना भुवई दिसत नाही. एकदा प्लंबर पाना घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा काकांनी त्याच्याकडून मोरीचा नळ दुरुस्त करून घेतला आणि चार जणांना सांगितलं, ‘बाईंच्या आधीच लक्षात आलं होतं.’

मेसेज टाइप करणं काकांना कारकुनी वाटतं. ते डिक्टेशन देतात. फोन इमानदारीनं कानावर पडेल ते सगळं उतरवतो, त्यातलं साहेबांचं कुठलं आणि घरचं कुठलं हे निवडत बसत नाही. त्यामुळे बी विंगमधले आजोबा गेले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज पडला : ‘भावपूर्ण श्रद्धांजली अगं तिसरी शिट्टी झाली गॅस बंद कर.’ खाली सतरा जणांनी हात जोडले.

आणि मग तो दिवा. हुकमानं लागणारा बल्ब काकांनी हौसेनं आणून हॉलमध्ये लावला. या बल्बाची गंमत अशी, की त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचायला भिंतीवरचा स्विच कायम चालू ठेवावा लागतो. काकू खोलीतून बाहेर पडताना स्विच बंद करतात. संसारात आल्यापासून करतात, बिल कोण भरणार? संध्याकाळी पाहुण्यांसमोर काका आरामखुर्चीत रेलून म्हणतात, ‘हॉलमधला दिवा लाव.’ बाई कळवतात की उपकरणाशी संपर्क होत नाही. काका आवाज चढवतात. बाई पुन्हा तेच, त्याच गोडीनं. शेवटी काळोखातून काकू उठतात आणि स्विच दाबतात. दिवा लागतो. ‘बघितलंत?’ काका पाहुण्यांना विचारतात.

हे सगळं खूळ आहे की खरंच उपयोगाचं, यावर आमच्या कट्ट्यावर रोज जुंपते. खूळ म्हणणाऱ्यांनी एकदा काकूंच्या स्वयंपाकघरात डोकवावं. काकू बाईंवर ओरडत नाहीत आणि त्यांचं कौतुकही करत नाहीत. हात थालीपिठाच्या पिठात बरबटलेले असले की ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणतात, ‘दहा मिनिटांचा टायमर लाव.’ लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत थेंब घालायच्या वेळांची आठवण बाईच करून द्यायच्या. चष्मा नसताना मुलाला फोनही त्यांनीच लावून दिला, आणि तो बरोबर लागला, कारण मुलाच्या नावाचा दुसरा कुणी काकूंच्या फोनमध्ये नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणतात, ‘टायमर काय, कुणीही लावेल!’ तेव्हा निकाल मीच देऊन टाकतो : काकूंकडे बाई कामाला आहेत, काकांकडे त्या नुसत्या हजेरीपत्रकावर आहेत.