कळवेकरांसाठी कीबोर्ड-खरेदी: प्राथमिक पाठ

सर्वप्रथम घराची भिंत वाजवून पाहा. कीबोर्ड मेकॅनिकल घ्यायचा की साधा, हे बोटं ठरवतात असा एक समज आहे. खारेगाव-विटाव्याच्या वन रूम किचनमध्ये ते भिंत ठरवते. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला मोजता येत असतील, तर तुमचं टायपिंगही पलीकडे मोजलं जाणार.

आता जुजबी शास्त्र. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची अख्खी चादर असते. बटण तळापर्यंत दाबलं की रबराची टोपी बसते आणि खालच्या प्लास्टिकच्या पडद्यांवरचा संपर्क जुळतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकात आले आणि त्यांच्या रंगांवरून पुढे संप्रदाय पडले. ब्लू प्रत्येक अक्षराला 'टक' करतो. ब्राउन आवाज न करता बोटाला हलका अडथळा देतो. रेड गुपचूप खाली जातो. त्याचं बटण २ मिलिमीटर दाबलं की अक्षर उमटतं, पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा. म्हणजे तळ गाठायची गरज नाही. तरी सगळे गाठतात, आणि बॉसला उत्तर लिहिताना तर टेबलही गाठतात.

हे गेम खेळणाऱ्या पोरांचं, रंगीत दिव्यांचं खूळ आहे, असं घरातले वडीलधारे म्हणतील. त्यांना नम्रपणे आठवण करून द्या: बँकेच्या काउंटरमागून त्यांनी वर्षानुवर्षं जो खडखडाट ऐकला, तो बहुधा टीव्हीएस गोल्डचा होता. कंपनी भारतीय, आत चेरीचे ब्लू स्विच, दिव्यांचं नाव नाही. पोरं फार नंतर आली.

मेकॅनिकलने वेग वाढतो का? राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेला बसणारी मुलं क्लासमधल्या अक्षरं पुसलेल्या साध्या कीबोर्डांवर मराठी ३०चा वेग काढतात. त्यांना विचारा. बोटं कमी दमतात, एवढं मात्र दिवसभर टाइप करणारे शपथेवर सांगतात, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी खास चाचणी. मेकॅनिकलवर देवनागरी अक्षरं छापलेली क्वचितच मिळतात, स्वस्त साध्यावर सहज मिळतात. तेव्हा दुकानातच इन्स्क्रिप्ट लावून के, शिफ्टसकट एन, बी, ई अशी बटणं न बघता दाबा. 'कळवा' उमटलं तर छापील अक्षरांची तुम्हाला गरज नाही. भलतंच काही उमटलं तर मुकाट साधा घ्या.

दुकान म्हणजे लॅमिंग्टन रोड. कळव्याहून स्लो पकडा (फास्टची वाट पाहणारे इथले नसतात), दादरला बदला, ग्रँट रोडला उतरा. ऑनलाइन चार पैसे वाचतील, पण ऑनलाइन बटण दाबून बघता येत नाही. मात्र सावध राहा. दुकानात ब्लू फार मंजुळ वाटतो, कारण बाहेर टेम्पो, टॅक्सी आणि हातगाड्यांचं भांडण चालू असतं. तोच ब्लू रात्री साडेअकराला, अमेरिकेच्या क्लायंटला उत्तर देताना, बाळ नुकतं झोपलेलं असताना कसा वाजेल, ही चाचणी कोणताही दुकानदार घेऊ देत नाही.

हॉट-स्वॅप आहे का, हे विचाराच. असेल तर बिघडलेला स्विच चिमट्याने उपटून घरीच नवा बसवता येतो. नसेल तर सोल्डरिंग आलं. साध्यावर चहा सांडला तर पाचशे-सहाशे रुपये गेले, विषय संपला. पाच हजारांच्या कीबोर्डावर सांडला तर घरात तो विषय दिवाळीपर्यंत चालतो.

माझं मत विचाराल तर रोज तीन-चार तास टाइप करत असाल आणि घरात दुसरं कोणी झोपत असेल, तर ब्राउन किंवा रेड. दिवसाकाठी दोन ई-मेल पाठवणाऱ्याने साधा घ्यावा आणि उरलेले पैसे खुर्चीत घालावेत. ब्लू फक्त बंगल्यात राहणाऱ्यांनी. बंगले कळव्यात किती, ते मोजा.

खरेदी झाली की तुम्ही नवशिके उरत नाही, सल्लागार होता. आठवड्याभरात मजल्यावरचं कुणीतरी विचारायला येईल, 'दादा, कुठला घेऊ?' ऐटीत 'ब्लूच घे' म्हणायचा मोह होईल. आधी त्याचा फ्लॅट नंबर विचारा.