मुळशीच्या पाण्यावरचा पंक

दुर्लक्षित बँडच्या चाहत्याला सर्वांत मोठी धास्ती कशाची, तर बँड गाजण्याची. मुंबईच्या ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’ या पंक बँडने माझ्यावर अजून ती वेळ आणलेली नाही, हे त्यांचे उपकार. त्यांचा 2013चा ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’ हा अल्बम मी मुळशी तालुक्यातल्या माले गावात मोठ्यानं लावतो, तेव्हा गणपतीच्या डीजेला सरावलेले शेजारी हळहळतात, “बेस खराब झालाय का हो तुमचा?”

तरी या बँडवर पहिला हक्क आमचाच. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं, त्याची वीज होते आणि ती मुंबई गाठते. म्हणजे या पोरांचे अॅम्प्लिफायर थोडेफार तरी आमच्या बुडालेल्या भातखाचरांवर चालले. आणि बंडखोरीचं म्हणाल, तर 1921 साली इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला; पुढे सेनापती बापटांनी तो चालवला, तोही गिटारशिवाय. धरण झालं, गावं गेली. पंकच्या हिशेबात इतकं सणसणीत अपयश म्हणजे कारकिर्दीचा कळस!

मुलांनी एकदा इथं येऊन वाजवावंच. फक्त पावसाळा टाळावा. तेव्हा मुंबईला उजळवणाऱ्या तालुक्यात आम्ही मेणबत्त्या शोधत असतो.