86 नंबरचा मामा

जयपूरच्या बापूनगरात राहणारा आमचा मामा काहीही सांगण्याआधी "थोडक्यात सांगू का?" असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो. "सांग" म्हटलं तर थोडक्यात सांगतो. "नको" म्हटलं तर रागावत नाही. मग सगळं सविस्तर सांगतो. नवख्या पाहुण्यांचा इथेच घात होतो.

हे वळण त्याला मॉडेमने लावलं. कर्रकर्र करत फोन लागायचा, घरचे बिलाच्या नावाने ओरडायचे, त्या काळात कॉलेजात गेलेली ही जमात. दिवसा मामा जोहरी बाजारातल्या एका पेढीचे हिशेब बघतो आणि रात्री मड खेळतो. मड म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ. पहिला मड 1978 साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी घडवला. यात ना चित्र, ना आवाज. तुम्ही गुहेत आहात, उत्तरेला दार आहे, दारात राक्षस आहे, हे सगळं वाचायचं. भाचरं विचारतात, "राक्षस कुठाय?" मामा म्हणतो, "तिसऱ्या ओळीत."

आता राक्षस एकदा मारून थांबत नाही. 'राक्षसाने तुम्हाला मारले' हे वाक्य रात्रभर येत राहतं आणि हळू लाइनवर तेच शब्द पुन्हा पुन्हा ओढून आणणं म्हणजे फोनखात्याची धन. म्हणून 1998 मध्ये मडवाल्यांनी मजकूर दाबून पाठवायचा करार काढला, एमसीसीपी. दाबायचं काम करते झेडलिब नावाची सॉफ्टवेअर लायब्ररी. आधी येऊन गेलेलं वाक्य ती पुन्हा पाठवत नाही. इतकं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल, एवढंच कळवते. मागे किती जाता येतं? 32 किलोबाइट. मामाची स्मरणशक्ती याहून बरीच लांब जाते, हे मामीचं दुःख.

पण दाबण्याआधी विचारायचं! मामाचा जीव अडकलाय तो इथे. सर्व्हर म्हणतो 255 251 86, म्हणजे "दाबून पाठवायला तयार आहे". क्लायंट म्हणतो 255 253 86, "पाठव". मग सर्व्हर 255 250 86 255 240 एवढं बोलतो आणि त्याच्या पुढच्या बाइटपासून सगळं दाबलेलं. क्लायंटने 254 म्हटलं, तर कुरकुर न करता साधा मजकूर चालू. भाजीवाल्याने दुधीचा भाव न विचारताच सांगितला की मामाच्या कपाळाला आठी पडते. पाहुण्यांना तो हौसेने जंतरमंतर दाखवायला नेतो आणि 27 मीटर उंच सम्राट यंत्रासमोर उभा राहून म्हणतो, "2 सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगतं. पण समोरचा तयार आहे का, हे कधी विचारलंय?"

86 हा या कराराचा नंबर मामाचा लाडका, तर 85 हा दुखरा दात. कराराच्या पहिल्या आवृत्तीचा नंबर 85. टेलनेट, म्हणजे मड ज्यावर चालतो ती संवादपद्धत, तिच्यात मधला निरोप 255 240 ने बंद करायचा, हा 1983 पासूनचा रिवाज. 85 वाल्यांनी तो 251 240 ने बंद केला. 255 च्या जागी 251! नियमाने चालणारा बिचारा क्लायंट निरोप संपायची वाट बघत बसणार. 2000 साली 86 आणून हे दुरुस्त झालं, पण मामाने अजून माफ केलेलं नाही. सख्ख्या भावाने वाटणीत घातलेला घोळ तो विसरला, हा नाही.

या करारात दाबायचं असतं ते फक्त सर्व्हरकडून येणारं. खेळाडू 'एन' टाइप करून उत्तरेला जातो, त्यात दाबण्यासारखं काय आहे? मामी असाच 'एन' बोलते. "हं." "बरं." "भात?" मामाचे मात्र परिच्छेद. आणि दाबणारा सर्व्हर मजकूर पोटात साठवून ठेवू शकतो, म्हणून वेळोवेळी फ्लश करावं लागतं, नाहीतर राक्षस इकडे मारून जातो आणि पडदा कोराच. मामा वाक्याच्या मध्येच थांबून छताकडे बघायला लागला की मामी म्हणते, "अहो, फ्लश."

मामेबहिणीचा नवरा लग्नानंतर प्रथमच राहायला आला होता. पोरगा भाबडा. म्हणाला, "पण बाबा, आता घरात फायबर आहे. कशाला दाबायचं?"

मामाने चष्मा काढून पुसला. "थोडक्यात सांगू का?"

जावई आदबीने म्हणाला, "नको नको, सविस्तर सांगा ना."

मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, 85 पासून की 86 पासून?"

"85 पासून."

"मग कुकर आत्ता लावत नाही."