सौ. ज्युलिएट, मुक्काम पोस्ट व्हेरोना, यांस खुले पत्र

विषय : लग्नाचा पंचविसावा वाढदिवस इटलीत साजरा करणाऱ्या दांपत्यांची सद्यःस्थिती.

इटलीतला लग्नाचा वाढदिवस व्हिसा केंद्राच्या रांगेत सुरू होतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि त्यात मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्चही धरावा लागतो. सहलीच्या फाइलमध्ये दांपत्याने मन लावून वाचावा असा हा पहिला कागद.

रोममध्ये पहिला मान त्रेवी कारंज्याचा. १७६२ साली पूर्ण झालेल्या या कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकायचे असते. रूढ समजुतीप्रमाणे एका नाण्याने रोमला परत येणे घडते, दुसऱ्याने प्रेम जमते आणि तिसऱ्याने लग्न. पंचवीस वर्षे संसार केलेल्या गृहस्थाने तिसरे नाणे खिशातून काढले, तर ते कशासाठी हे तिथेच आणि मोठ्याने विचारले जाते. सुज्ञ गृहस्थ एकावर थांबतो. पाण्यातली नाणी वेळोवेळी उपसून कारितास या कॅथलिक सेवासंस्थेला दिली जातात. वर्षाकाठी दहा लाख युरोंहून जास्त रक्कम होते. प्रेम जमो न जमो, गरजूंचे जेवण होते. जवळच्या स्पॅनिश पायऱ्यांवर मात्र गुडघे धरून टेकता येत नाही. २०१९ पासून तिथे बसायला मनाई आहे आणि दंड २५० युरोंपासून पुढे. ही मनाई करणाऱ्यांनी रौप्यमहोत्सवी वयोगटाचा विचार केलेला दिसत नाही.

व्हेरोनातला ज्युलिएटचा वाडा तेराव्या शतकातला आहे, इथपर्यंत सगळे खरे. १९०५ साली तो नगरपालिकेने विकत घेतला. जगप्रसिद्ध सज्जा विसाव्या शतकात, जुने कोरीव दगड जुळवून बसवलेला आहे. येणाऱ्यांना सज्जा हवा होता, पालिकेने तो करून दिला. प्रेमाच्या प्रांतात इतका सरळ व्यवहार क्वचित होतो. अंगणातल्या ब्राँझच्या पुतळ्याच्या उजव्या स्तनाला हात लावला की प्रेमात यश येते असा समज आहे. यशाचे इच्छुक इतके निघाले की मूळ पुतळ्याला तडे गेले आणि २०१४ मध्ये तिथे प्रतिकृती बसवावी लागली. मराठी जोडप्यात फोटो पत्नी काढते आणि पती पुतळ्याशेजारी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखा उभा राहतो.

या गावाला ज्युलिएटच्या नावाने जगभरातून पत्रे येतात. तिच्या समाधीच्या रखवालदाराने १९३० च्या दशकात त्यांना उत्तरे द्यायला सुरुवात केली. आता ज्युलिएट क्लबचे स्वयंसेवक हे काम करतात, तेही हाताने लिहून. पत्रलेखकांच्या नजरेतून एक बाब सुटते. शेक्सपियरच्या नाटकात सौ. ज्युलिएटला चौदावे वर्षही पुरे झालेले नाही. लग्न सोमवारी लागते आणि आठवडा उलटायच्या आत नवराबायको दोघेही संपतात. सासूबाईंचा मोतीबिंदू, मुलीचा बारावीचा क्लास, पंखा तीनवर की पाचवर, यांपैकी काहीही त्या संसाराच्या वाट्याला आले नाही. तेव्हा सल्ला कुणी कुणाला विचारावा, हा प्रश्न व्हेरोनाच्या टपाल व्यवस्थेने एकदा निकाली काढावा. तिची म्हणून दाखवली जाणारी लाल संगमरवरी शवपेटी रिकामी आहे, आणि तिच्या आवारात पालिका नागरी विवाह लावून देते.

व्हेनिसमध्ये दिवसापुरते येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी ५ युरो प्रवेशशुल्क घेतात. पुढच्या वर्षीपासून ऐनवेळी भरणाऱ्याला १० पडू लागले. मुक्कामाला राहणाऱ्याला माफी आहे, मात्र माफीचीही नोंदणी करावी लागते. गोंडोला सुमारे ११ मीटर लांब आणि मुद्दाम वाकडा बांधलेला असतो. वल्हे एकच आणि तेही उजवीकडे, म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर जास्त रुंद ठेवतात. नाहीतर नाव जागीच गिरक्या घेईल. २०२३ अखेरच्या दरपत्रकानुसार अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. गाणे त्यात धरलेले नाही. दर नावेचा असतो, माणशी नव्हे, आणि नावेत पाच जण मावतात. दोघांसाठी म्हणून वर्षभर मनात धरलेल्या नावेत त्यामुळे ग्रुपमधले आणखी एक जोडपे आणि एकट्या आलेल्या मावशी बसतात. माणशी १८ युरो पडतात. परवडले की नाही याची चर्चा उसाशांच्या पुलापर्यंत पुरते.

सूर्यास्ताला या पुलाखाली चुंबन घेतले की प्रेम अखंड राहते म्हणे. या समजुतीला १९७९ च्या एका चित्रपटाने हवा दिली. १६०० च्या सुमारास बांधलेला हा पूल डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातून कैद्यांना तुरुंगात नेण्यासाठी होता आणि उसासे शिक्षा झालेल्यांचे. त्याच राजवाड्याच्या छपराखाली १७५५ मध्ये कासानोव्हाला डांबले होते. पुढच्या वर्षी तो छपराला भोक पाडून पळाला. इतिहासातला नामांकित प्रेमवीर जिथून जीव मुठीत धरून निसटला, तिथे पंचवीस वर्षे मुरलेल्या जोडप्याने मावशींच्या देखत चुंबन घ्यावे, अशी अपेक्षा आहे. बहुतेक जण सेल्फीवर भागवतात.

ग्रुप टूर नको म्हणून भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी जुन्या शहरांत मर्यादित वाहतूक क्षेत्रे राखलेली आहेत. विनापरवाना शिरले की दंड. पाटी इटालियनमध्ये, कॅमेरा मुका. 'डावीकडे वळा' कोण म्हणाले होते, हा वाद तिथल्या तिथे मिटतो, कारण काही झालेले आहे हेच कुणाला कळत नाही. आधी गाडी देणारी कंपनी नाव-पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापते. मूळ दंडाची नोटीस परदेशी चालकाला पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे. ती सव्विसाव्या वाढदिवसाच्या आसपास घरपोच येते.

कळावे,
एक हितचिंतक

सोबत : गोंडोलाच्या पावतीची झेरॉक्स (पाच जणांत एक).